बॉयकॉट : क्रियापद झालेले आडनाव आणि आपला जुना ‘बहिष्कार’

१/
‘बॉयकॉट’ हा शब्द आज मराठी माणसाला शब्दकोशात शोधावा लागत नाही. चित्रपट, दुकान, निवडणूक, क्रिकेटचा सामना, कशालाही तो लावला जातो. मुळात ते एका माणसाचे आडनाव होते आणि तो माणूस हयात असतानाच त्याचे क्रियापद होऊन ते युरोपभर पसरले, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. हा धागा त्या आडनावाचा आहे. तसाच तो आपण त्यासाठी मराठीत जो जुना शब्द योजला, त्या ‘बहिष्कारा’चाही आहे. या दोन शब्दांचे पूर्वायुष्य अगदी वेगवेगळे आहे, आणि तोच या धाग्याचा मुद्दा आहे.

२/
आरंभ आयर्लंडपासून करू. एकोणिसाव्या शतकात हा देश ब्रिटिश पार्लमेंटच्या अमलाखाली होता. जमीन मोजक्या जमीनदारांची; त्यांतले कित्येक आपल्या जमिनीपासून दूर राहणारे. कसणारी माणसे त्यांची कुळे. खंड थकला की बेदखली ठरलेली. १८४५ ते १८४९ च्या महादुष्काळात बटाट्याचे पीक कुजले, सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. तो काळ पाहिलेली पिढी जिवंत असतानाच १८७९ मध्ये पुन्हा पीक बुडाले.

३/
त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘आयरिश नॅशनल लँड लीग’ स्थापन झाली. अध्यक्ष होते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल, आणि चळवळीचा प्राण होता मायकेल डेव्हिट. मेयो परगण्यातील डेव्हिटचे कुटुंब तो लहान असतानाच जमिनीवरून हुसकावले गेले होते. मागण्या तीन : खंड वाजवी असावा, खंड भरणाऱ्या कुळाला जमिनीवरून काढता येऊ नये, आणि कुळाला आपला कसण्याचा हक्क विकता यावा.

४/
लीगपुढची खरी अडचण निराळीच होती. एका कुळाला हाकलले की त्याच जमिनीसाठी दुसरा गरजू शेतकरी पुढे येई. मग जमीनदाराचे अडणार कुठे? १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत पार्नेलने जमावालाच विचारले, अशा माणसाचे काय करावे? ‘गोळी घाला’ असा आवाज आला. पार्नेलने दुसरा मार्ग सांगितला. रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी प्रार्थनामंदिरातही त्याच्याशी कोणी बोलू नये. पूर्वी महारोग्याला वेगळे काढीत तसे त्याला वेगळे पाडावे.

५/
येथे एक गोष्ट लक्षात ठेवू, पुढे ती उपयोगी पडेल. पार्नेलच्या त्या भाषणातला ‘एकटा पाडण्याचा माणूस’ बडा जमीनदार नव्हता. तो शेजारचाच, बहुधा तितकाच गरीब शेतकरी होता. म्हणजे या शस्त्राला जन्मापासूनच दोन धारा होत्या. परंतु त्याचा पहिला गाजलेला वार झाला तो एका कारभाऱ्यावर.

६/
त्याचे नाव चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. जन्म १८३२, इंग्लंडमधील नॉरफोक. थोडा काळ सैन्यात काढून तो आयर्लंडात स्थायिक झाला. ‘कॅप्टन’ ही पदवी त्याला लोकांनीच चिकटवलेली. लॉर्ड अर्न या जमीनदाराची आयर्लंडात सुमारे ४०,००० एकर जमीन होती. तीतील मेयो परगण्यातल्या लॉख मास्क सरोवराकाठच्या तुकड्याचा कारभार १८७३ पासून बॉयकॉट पाहत होता. स्वभाव करडा, बारीकसारीक कारणांवरून कुळांना दंड करणारा.

७/
१८८० साली लॉर्ड अर्नने खंडात दहा टक्के सूट देऊ केली. कुळांनी पंचवीस टक्के मागितली. ती नाकारली गेली आणि बेदखलीच्या नोटिसा निघाल्या. २२ सप्टेंबरला, एनिसच्या भाषणानंतर तीनच दिवसांनी, नोटिसा बजावणारा माणूस पोलिसांसह आला. गावातील बायका धावून आल्या, चिखल आणि शेण फेकून त्यांनी त्याला पिटाळून लावले. दुसऱ्या दिवशी जमाव बॉयकॉटच्या घरी गेला आणि नोकरचाकरांना काम सोडण्यास सांगितले.

८/
नोकर गेले. शेतमजूर गेले. लोहार घोड्यांना नाल ठोकीना, परटीण कपडे धुईना, बॅलिनरोबचे दुकानदार माल देईनात. टपाल आणणाऱ्या मुलालाही धमकी मिळाली. बॉयकॉटचे पीक शेतात उभे होते आणि ते काढायला माणूस मिळत नव्हता. त्याच्या अंगाला कोणी बोटही लावले नव्हते. मात्र त्याचे रोजचे जगणे ज्या हातांवर उभे होते, ते सगळे हात एकाच वेळी मागे घेतले गेले होते.

९/
बॉयकॉटने आपली व्यथा लंडनच्या ‘टाइम्स’ला कळवली, ते पत्र १८ ऑक्टोबरला छापून आले. इंग्रज वृत्तपत्रांचे बातमीदार मेयोत येऊ लागले आणि एका कारभाऱ्याचे भांडण साम्राज्याचा प्रश्न बनले. पीक काढण्यासाठी उत्तरेतील अल्स्टर प्रांतातून शेकडो स्वयंसेवक पाठवण्याची तयारी झाली. सरकारने परवानगी दिली ती फक्त पन्नास जणांना.

१०/
हे पन्नास जण १२ नोव्हेंबरला लॉख मास्कला पोहोचले. त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजार सैनिक व पोलीस तैनात झाले. पावसाचिखलात सुमारे दोन आठवडे बटाटे आणि सलगम काढण्याचे काम चालले. पीक सुमारे ५०० पौंडांचे. ते काढण्याचा खर्च १०,००० पौंडांच्या घरात गेल्याचा अंदाज. प्रत्येक सलगमामागे सरकारला एक शिलिंग पडला, असा हिशेब पार्नेलने मांडला. काम आटोपताच बॉयकॉट कुटुंबासह निघाला आणि १ डिसेंबरला त्याने आयर्लंड सोडले.

११/
आता शब्दाच्या जन्माकडे येऊ. जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने ती कथा पुढच्याच वर्षी सांगितली. मेयोतील नील गावचे पाद्री फादर जॉन ओमॅली यांच्यासोबत तो जेवायला बसला असता त्याला शब्द अडला. जमीनदाराला वा त्याच्या माणसाला समाजातून तोडण्याच्या कृतीला काय म्हणावे? प्राचीन अथेन्समध्ये खापरांवर नाव कोरून मतदान होई आणि नकोशा पुढाऱ्याला दहा वर्षांसाठी नगराबाहेर धाडत. त्यावरून आलेला ‘ऑस्ट्रॅसिझम’ हा विद्वज्जड शब्द इंग्रजीत होता. पण शेतकऱ्यांना तो कळणार नाही, असे फादरांचे मत पडले. क्षणभर विचार करून त्यांनी सुचवले : ‘बॉयकॉट करणे’ म्हटले तर?

१२/
नोव्हेंबर १८८० मध्येच हे क्रियापद वृत्तपत्रांत अवतरकले. लवकरच ते फ्रेंच, जर्मन, डच, रशियन भाषांत गेले. १८८१ साली पार्लमेंटला आयरिश कुळांसाठी जमीन कायदा करावा लागला. त्यात लीगच्या तिन्ही मागण्यांना जागा मिळाली. त्याच वर्षी चळवळ दडपण्याचा कायदाही आला. इंग्रजी शब्दाचे पहिले संस्कार हे असे आहेत : जमीन नसलेल्यांनी जमीनवाल्याच्या कारभाऱ्याविरुद्ध उगारलेले हत्यार.

१३/
शब्द नवा असला तरी कृती जुनी होती. १७६० च्या दशकात अमेरिकन वसाहतींनी ब्रिटिश माल न मागवण्याचे करार केले होते. १७९१ पासून इंग्लंडमधील हजारो कुटुंबांनी गुलामांच्या श्रमातून येणारी वेस्ट इंडीजची साखर सोडली होती. या कोणापाशी ‘बॉयकॉट’ हा शब्द नव्हता. तसा तो महाराष्ट्रातील एका गावापाशीही नव्हता.

१४/
ते गाव म्हणजे शिरूर तालुक्यातील करडे. डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने तेथील बाबासाहेब देशमुखांविरुद्ध घर ताब्यात घेण्याचा हुकूमनामा मिळवला. गावकऱ्यांनी सावकारांशी व्यवहार तोडले. त्यांच्या दुकानातून खरेदी बंद, त्यांची शेती कसणे बंद, बलुतेदारांची सेवा बंद. न्हावी नाही, परीट नाही, घरकामाला गडी नाही. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा उसळला, कर्जरोखे जाळले गेले. इतिहासात हेच ‘दख्खनचे दंगे’. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यांतूनच आला. लॉख मास्कच्या सहा वर्षे आधी करड्याने तेच केले होते.

१५/
करड्याच्या लोकांना हे तंत्र कोणी शिकवले? उत्तर गावगाड्यातच आहे. न्हावी, परीट, पाणवठा, पंगत आणि सोयरीक थांबवून माणसाला नमवणे ही जातपंचायतींची नित्याची शिक्षा होती. फरक एवढाच, की ती सहसा वरून खाली जाई. ‘बहिष्कार’ हा शब्दही त्याच घरातला. ‘बहिः’ म्हणजे बाहेर, त्याला ‘कृ’ धातू जोडला की झाले ‘बाहेर करणे’. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वेदनिंदकाला ‘बहिष्कार्य’ म्हटले आहे. मराठीत त्याचेच घरगुती रूप ‘वाळीत टाकणे’, आणि त्यासाठी चालणाऱ्या वादविवादाचे नाव ‘ग्रामण्य’.

१६/
या हत्याराने सुधारकांना फार छळले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहापान झाले. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले आदी मंडळी उपस्थित होती. गोपाळराव जोशी यांनी नावे वृत्तपत्रातून जाहीर केली आणि पुण्यात मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मूळ गावी, मुरूडला, त्यांना जातीचा बहिष्कार सोसावा लागला. मराठी शब्दाचे पहिले संस्कार हे असे आहेत : रूढी मोडणाऱ्याला जातीने दिलेली शिक्षा.

१७/
हे दोन शब्द एकत्र आले १९०५ मध्ये. बंगालच्या फाळणीची घोषणा झाली आणि ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये ब्रिटिश मालाच्या बॉयकॉटचा ठराव झाला. महाराष्ट्रात टिळकांनी ती चळवळ उचलून धरली. ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्या पुढाकाराबद्दल विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड होऊन वसतिगृह सोडावे लागले. ‘बॉयकॉट’साठी मराठी शब्द हवा होता, ‘बहिष्कार’ तयारच होता. पंधरा वर्षांपूर्वी ग्रामण्याची झळ सोसलेल्या टिळकांच्या चतुःसूत्रीत तो स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या पंक्तीला जाऊन बसला.

१८/
या शब्दाला गंध आहे, हे ओळखले गोपाळ कृष्ण गोखले यांनी. डिसेंबर १९०५ मधील बनारस काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी बंगालच्या बॉयकॉटला अखेरचे राजकीय साधन म्हणून न्याय्य मानले. पण सोबतच बजावले की ‘बॉयकॉट’ या शब्दाला त्याच्या उगमामुळे वाईट वास चिकटला आहे. तो ऐकताच दुसऱ्याला इजा करण्याची सूडबुद्धी प्रथम मनात येते. म्हणून स्वदेशीच्या विधायक कामाला त्या शब्दापासून दूर ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता.

१९/
टिळकांची भूमिका याच्या उलट. २ जानेवारी १९०७ रोजी कलकत्त्यातील भाषणात त्यांनी मांडले की आपल्याजवळ शस्त्रे नाहीत, त्यांची गरजही नाही. बहिष्कार हे आपले राजकीय शस्त्र आहे. मूठभर परक्यांचे राज्य आपल्याच साहाय्यावर चालते, तेव्हा ते साहाय्य काढून घ्या. हे तर्कशास्त्र थेट लॉख मास्कचे. मराठी वाचकाच्या मनात ‘बहिष्कार’ या शब्दाला येथे प्रथमच देशभक्तीचे तेज चढले. जातीने वाळीत टाकण्याच्या जुन्या अर्थावर त्या तेजाची सावली पडली. तो अर्थ मात्र नाहीसा झाला नव्हता.

२०/
तो अर्थ पुन्हा उजेडात आणला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२४ मध्ये त्यांनी मुंबईत स्थापलेल्या संस्थेचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्यानंतर दोनच आठवड्यांत, ३ एप्रिलला, त्यांचे पाक्षिक निघाले : ‘बहिष्कृत भारत’. नावांची निवड नीट पाहा. देश परकीयांवर बहिष्कार घालण्याची भाषा करीत होता. तेव्हा या देशातच पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलेला एक भारत आहे, हे त्या दोन शब्दांनी सुनावले.

२१/
अस्पृश्यांनी पाणवठ्यावर हक्क सांगितला किंवा मेलेली गुरे ओढण्याचे नाकारले, की गाव काय करी? मजुरी बंद, दुकानातून वाणसामान बंद, वहिवाटीची वाट बंद. मारहाणीची निदान फिर्याद तरी देता येई. बहिष्काराला कलम कुठले लावणार? म्हणून पहिल्या गोलमेज परिषदेत आंबेडकर आणि आर. श्रीनिवासन यांनी दिलेल्या संरक्षक तरतुदींच्या मसुद्यात बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी होती. घर वा जमीन देण्यास नकार, कामावर ठेवण्यास नकार, नेहमीचे व्यवहार तोडणे, असे त्याचे प्रकारही त्यात सांगितले होते.

२२/
या तरतुदींचा नमुना कोठून घेतला होता? ब्रह्मदेशात सरकारने १९२२ मध्ये केलेल्या बहिष्कारविरोधी कायद्यातून. राष्ट्रीय चळवळीच्या बहिष्कारांना आळा घालण्यासाठी राज्यकर्त्यांनी घडवलेली ढाल आंबेडकरांनी गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसासाठी मागितली. आयरिश कुळांच्या हातात जो शब्द मुक्तीचा होता, तोच या मसुद्यात गुन्ह्याचे नाव झाला. दोन्ही ठिकाणी अर्थ एकच : व्यवहार तोडणे. बदलली ती दिशा.

२३/
अशी अस्वस्थता दुसरीकडेही दिसते. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेतील माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी वर्णभेदी बसगाड्या सोडल्या आणि ३८१ दिवस बहुतेक जण पायी किंवा मिळेल त्या गाडीने फिरले. तेव्हा समतेची मागणी करणाऱ्यांना नमवण्यासाठी गोऱ्यांच्या संघटनाही आर्थिक बॉयकॉटच वापरत होत्या. आपण त्यांचेच हत्यार तर उचलत नाही ना, या प्रश्नाने मार्टिन ल्यूथर किंग यांना घेरले. आपण दुष्ट व्यवस्थेशी असहकार करीत आहोत, या निष्कर्षाला ते आले आणि ‘बॉयकॉट’ हा शब्द त्यांनी पुढे क्वचितच वापरला.

२४/
आपल्याकडे जुना अर्थ इतिहासजमा झालेला नाही. कायदेच त्याची साक्ष देतात. १९४९ मध्ये मुंबई राज्याने जातिबहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्काराचा गुन्हा आला. २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा संमत केला, तो २०१७ मध्ये अमलात आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या शब्दाने चळवळ उभी केली, त्याच शब्दाविरुद्ध एकविसाव्या शतकात कायदा करावा लागला.

२५/
मग ‘बॉयकॉट’ चांगला की वाईट? शब्दाकडे पाहून हे ठरत नाही. तीन प्रश्न विचारावेत. ज्याच्याशी व्यवहार तोडला जातो, तो तोडणाऱ्यांपेक्षा बलवान आहे की दुबळा? त्याच्या कृत्यासाठी तोडला जातो, की जन्मासाठी? आणि जो सामील होत नाही, त्याला नकाराची मोकळीक आहे का? मेयोतील कुळे पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देऊ शकतात. तिसऱ्यापाशी, टपाल आणणाऱ्या त्या मुलापाशी, तीही अडखळतात.

२६/
शेवटी कॅप्टन बॉयकॉटचे काय झाले? १८८६ पासून सफकमधील फ्लिक्स्टन येथे तो दुसऱ्या एका जमीनदाराचा कारभारी झाला आणि १८९७ मध्ये तेथेच वारला. ज्याच्या नावाने जग बहिष्कार घालते, त्याला जायला दुसरे गाव होते आणि मिळायला दुसरी नोकरी होती. गावाने वाळीत टाकलेल्या मजुराला बहुधा यांपैकी काहीच नसे. त्याला त्याच गावात राहायचे असे, त्याच विहिरीसमोरून रोज जायचे असे. ‘बॉयकॉट’चे भाषांतर ‘बहिष्कार’ असे करताना हे अंतर लक्षात असावे.